चाहूल लागताच उजळणारा दिवा: मोशन सेन्सर असलेला डिमर स्विच घरात बसवताना

आमच्या घरात शयनगृहापासून स्वच्छतागृहापर्यंत जाणारा पॅसेज जेमतेम १२ फूट लांब आहे. मात्र त्याचा स्विच बोर्ड दिवाणखान्याकडच्या टोकाला असल्यामुळे रात्री उठणाऱ्या आईला दिव्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी सगळा अंधार चाचपडत ओलांडावा लागत असे. त्यावर उपाय म्हणून आम्ही प्रथम साधा मोशन सेन्सर बसवला. दिवा आपोआप लागू लागला, पण झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो एकदम पूर्ण प्रखरतेने येई, आणि आई आत असताना बाहेरचा दिवा विझून दाराबाहेर पुन्हा काळोख होई. सेन्सरच्या जोडीला डिमर असलेला स्विच बसवल्यावर हा प्रश्न सुटला. आता रात्रभर पॅसेजमध्ये अगदी अंधूक उजेड असतो, पावलांची चाहूल लागली की तो सावकाश वाढतो आणि माणूस निघून गेल्यावर पुन्हा मंदावतो. माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचा दिवा रात्री विझू नये, मंद व्हावा, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे आणि पुढील सूचना याच दृष्टीने दिलेल्या आहेत.

स्विचच्या आत काय असते

या एका स्विचमध्ये तीन वेगळ्या यंत्रणा असतात: हालचाल ओळखणारा सेन्सर, दिवा किती वेळ उजळ ठेवायचा हे ठरवणारा टायमर आणि प्रकाशाची पातळी कमीजास्त करणारा डिमर. बहुतेक घरगुती स्विचमधील सेन्सर ‘पीआयआर’ (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचा असतो. तो स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. माणसाच्या अंगातून सतत बाहेर पडणारे, साधारण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण तो टिपतो. त्याच्यापुढे असलेले दुधी रंगाचे खाचाखाचांचे प्लास्टिक हे खरे तर भिंग असते आणि ते समोरच्या जागेचे अनेक पट्टे पाडते. ऊबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेले, की सेन्सरला बदल जाणवतो. या रचनेमुळे तीन गोष्टी घडतात. आडवे चालणारे माणूस सेन्सरला लगेच कळते, तर थेट त्याच्या दिशेने येणारे उशिरा कळते. खुर्चीत स्थिर बसून वाचणारे माणूस त्याच्या लेखी तिथे नसतेच. आणि खिडकीची काच हे किरण अडवत असल्याने काचेपलीकडचे माणूस त्याला दिसत नाही.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्ह सेन्सरचा आहे. तो बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडून परतणाऱ्या लहरींमधील फरक मोजतो. त्याला उष्णतेशी देणेघेणे नसते, परंतु त्याच्या लहरी प्लायवुडचे दार, काच आणि पातळ भिंतही ओलांडतात, त्यामुळे शेजारच्या खोलीत कोणी हलले तरी आपला दिवा उजळू शकतो. फिरता पंखाही त्याला हालचालच वाटतो. ज्या खोलीत छताचा पंखा चालू राहतो, तिथे हा सेन्सर लावू नये.

डिमरचे काम समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. आपला वीजपुरवठा २३० व्होल्टचा आणि ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे दर सेकंदाला १०० अर्धलहरी येतात. डिमर यांतील प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापतो आणि उरलेला भाग दिव्याकडे जाऊ देतो. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये अर्धवाहकावर चालणारा घरगुती डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन ही कंपनी स्थापन केली, त्या काळी घरोघरी तारेचे बल्ब होते. बल्बची तापलेली तार कापलेल्या लहरीची पर्वा करत नसे; तिला मिळणारी सरासरी शक्ती कमी झाली की ती कमी तापे आणि प्रकाश मंदावे. एलईडी बल्बच्या बुडाशी मात्र एक इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो. पुरवठ्यातील चढउतार सावरून एलईडीला स्थिर प्रवाह देणे हेच त्याचे काम असल्यामुळे, डिमरने कापलेली लहर समोर आली की साधा ड्रायव्हर गोंधळतो: दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा काही आठवड्यांत निकामी होतो.

खरेदीचा क्रम: आधी बल्ब, मग डिमर, शेवटी सेन्सर

दुकानात बहुतेक जण सेन्सरपासून सुरुवात करतात. तसे न करता प्रथम बल्ब निवडावा. खोक्यावर ‘डिमेबल’ असा स्पष्ट शब्द नसेल तर तो बल्ब मंद करता येत नाही असेच समजावे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर ९ वॉटचे एलईडी बल्ब सर्वत्र पोहोचले, परंतु घरोघरी वापरले जाणारे असे स्वस्त बल्ब सर्वसाधारणपणे डिमरसाठी बनवलेले नसतात. पॅसेज आणि शयनगृह यांसाठी २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे खोक्यावर छापलेले, प्रकाशाचा रंग सांगणारे माप) पिवळसर प्रकाश घ्यावा. पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा प्रकाश कितीही मंद केला तरी रात्री डोळ्यांना टोचतो. तारेचा बल्ब मंद होताना आपोआप तांबूस होत असे, तसे बहुतेक एलईडी होत नाहीत, म्हणून हा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो.

त्यानंतर डिमर पाहावा. लहरीची सुरुवातीची बाजू कापणारे ते ‘लीडिंग एज’ आणि शेवटची बाजू कापणारे ते ‘ट्रेलिंग एज’. एलईडीसाठी शक्यतो दुसरा प्रकार घ्यावा, कारण त्यात दिवा गुणगुणण्याचे आणि लुकलुकण्याचे प्रमाण कमी असते. डिमरवर छापलेल्या वॉटच्या कमाल आणि किमान अशा दोन मर्यादा असतात आणि दोन्ही वाचाव्यात. तारेच्या बल्बसाठी ४०० वॉट लिहिलेल्या डिमरवर ४०० वॉटचे एलईडी चालत नाहीत. एलईडीसाठीचा आकडा वेगळा आणि पुष्कळ लहान असतो. किमान भाराचा आकडा त्याहून अधिक वेळा दुर्लक्षिला जातो: ज्या डिमरला किमान २५ वॉट लागतात, त्यावर ९ वॉटचा एकच बल्ब नीट चालणार नाही, मग तो बल्ब कितीही चांगला असो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पंख्याचा रेग्युलेटर हा दिव्याचा डिमर नव्हे. आजचे टप्प्याटप्प्याचे रेग्युलेटर आतल्या कॅपॅसिटरच्या साहाय्याने पंख्याचा वेग कमी करतात. त्यावर एलईडी जोडणे चुकीचे आहे. त्याचप्रमाणे पंखा, एक्झॉस्ट फॅन, जुनी चोकची ट्यूब किंवा प्लग पॉइंट यांपैकी काहीही दिव्याच्या डिमरवर घेऊ नये.

सेन्सर शेवटी निवडावा आणि त्यात एकच प्रश्न विचारावा: माणूस गेल्यावर दिवा मंद पातळीवर थांबवण्याची सोय यात आहे का? अनेक स्वस्त सेन्सर स्विचमध्ये फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच असते, तर काहींमध्ये डिमर असूनही वेळ संपल्यावर दिवा पूर्ण विझतो. शयनगृहासाठी आणखी एक सोय पाहावी: दिवा हाताने लावायचा आणि सेन्सरने फक्त बंद करायचा, अशी पद्धत त्यात निवडता आली पाहिजे. अन्यथा झोपेत कूस बदलली तरी दिवा लागेल.

जागा ठरवताना

आपल्याकडे स्विच बोर्ड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, दाराच्या चौकटीलगत असतो आणि दार उघडे राहिले की पुष्कळदा त्याच्याआड जातो. हाताने दाबायच्या स्विचला त्याने फरक पडत नाही, पण सेन्सरचे तोंड झाकले गेले तर तो निरुपयोगी होतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी दार उघडून, पडदा सरकवून, कपाटाचे दार उघडून पाहावे आणि बोर्डाच्या जागेवरून संपूर्ण वाट दिसते का, हे तिथे डोळा नेऊन तपासावे. जे आपल्याला तिथून दिसत नाही ते सेन्सरलाही दिसणार नाही. सेन्सरच्या थेट समोर एसीचा झोत, गॅसची शेगडी, दुपारचे ऊन पडणारी खिडकी किंवा देवघरातील तेवती समई नसावी. लांबट पॅसेजमध्ये स्विच शेवटच्या भिंतीवर असला तर माणूस थेट त्याच्याकडे चालत येते आणि दिवा उशिरा उजळतो. बाजूच्या भिंतीवर असल्यास माणूस आडवे जाते आणि लगेच टिपले जाते. बोर्ड हलवणे शक्य नसेल तर छतावरचा, चहूबाजूंनी पाहणारा सेन्सर घ्यावा आणि डिमर वेगळा ठेवावा.

स्वच्छतागृहाची अडचण वेगळी आहे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पडद्याआड आंघोळ करणारे माणूस पीआयआरला दिसत नाही, त्यामुळे तिथे टायमर किमान १५ मिनिटांचा ठेवावा आणि मंद पातळी शून्य कधीही करू नये.

बोर्ड उघडून जोडणी करणे

पुढील वर्णन वाचकाला काम कळावे, वायरमनला नेमके सांगता यावे आणि झालेले काम तपासता यावे यासाठी आहे. २३० व्होल्टच्या तारांना हात घालण्याचा सराव नसेल तर परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.

सर्वप्रथम त्या सर्किटचा एमसीबी बंद करावा. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे एवढ्याने भागत नाही, कारण मेन बंद केल्याक्षणी इन्व्हर्टर सुरू होतो आणि पॅसेजचा दिवा बहुधा त्याच लाइनवर असतो. बोर्ड मृत आहे असे समजून हात घालणाऱ्याला धक्का बसतो तो असा. म्हणून इन्व्हर्टरही बंद करून त्याचे आउटपुट तोडावे. त्यानंतर टेस्टर आधी एखाद्या चालू पॉइंटवर लावून तो नीट काम करतो याची खात्री करावी, मग बोर्डातील प्रत्येक टर्मिनल तपासावे आणि शक्य असल्यास मल्टिमीटरने पुन्हा पडताळावे.

वरची प्लेट काढून, फ्रेमचे स्क्रू सैल करून स्विच पुढे ओढावेत आणि काहीही सोडवण्यापूर्वी मोबाइलने दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. प्रचलित पद्धतीनुसार लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. तथापि जुन्या घरांत हातात आली ती तार वापरलेली आढळते, म्हणून रंगावर विसंबून न राहता प्रत्येक तार ओळखून घ्यावी. फेज एका स्विचवरून दुसऱ्यावर लूप करत नेलेली असते. स्विचमधून दिव्याकडे जाणाऱ्या तारेला वायरमन ‘हाफ वायर’ म्हणतात. आपल्याला बदलायच्या स्विचला फेज आणि ही हाफ वायर अशा दोनच तारा असतात. तो स्विच काढताना लूप तुटणार नाही याची काळजी घ्यावी, अन्यथा पुढचे सर्व स्विच बंद पडतील.

आता न्यूट्रलचा प्रश्न येतो. सेन्सर डिमरला स्वतः जागे राहण्यासाठी सतत थोडी वीज लागते. न्यूट्रलची जोडणी असलेला स्विच ती सरळ घेतो. न्यूट्रल नसलेला स्विच ती दिव्यामधूनच ओढतो आणि मग बंद केलेला एलईडी मंद मंद चमकत राहतो. सुदैवाने आपल्याकडे एकाच बोर्डात स्विच आणि प्लग पॉइंट शेजारी बसवण्याची पद्धत असल्यामुळे न्यूट्रल बहुधा तिथेच असतो, आणि म्हणून न्यूट्रल लागणाराच स्विच घ्यावा असा माझा आग्रह आहे. मात्र न्यूट्रल त्याच सर्किटचा असला पाहिजे. मेनच्या फेजला इन्व्हर्टर लाइनचा किंवा दुसऱ्या खोलीचा न्यूट्रल जोडला तर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती जाणवताच पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडेल.

जोडणी अशी होते: फेज ‘एल’ या टर्मिनलला, न्यूट्रल ‘एन’ला आणि हाफ वायर दिव्याचे चिन्ह किंवा बाण असलेल्या टर्मिनलला. तारेचे टोक जेवढे आत जाते तेवढेच सोलावे, बाहेर तांबे दिसू नये, आणि स्क्रू आवळल्यानंतर तार हलकेच ओढून पाहावी. डिमर चालताना तापतो. म्हणून जादा तारा त्याच्यामागे कोंबू नयेत आणि दोन डिमर एकमेकांना चिकटून बसवू नयेत. सेन्सर डिमर साध्या स्विचपेक्षा खोल असतो आणि सहसा दोन मॉड्यूलची (म्हणजे दोन साध्या स्विचएवढी) जागा घेतो, तेव्हा भिंतीतील बॉक्सची खोली खरेदीपूर्वीच मोजलेली बरी.

पॅसेजच्या दोन टोकांना टू-वे स्विच असतील, तर त्यांपैकी एकाच जागी सेन्सर लावून दुसरा तसाच ठेवता येत नाही. त्या दुसऱ्या स्विचने सेन्सरचाच पुरवठा तुटतो किंवा डिमर आणि दिवा यांमधील तार तुटते. अशा ठिकाणी दुसरा स्विच काढून त्याच्या तारा कायमच्या जोडाव्यात, किंवा त्याच डिमरसाठी बनवलेला जोड-स्विच तिथे घ्यावा.

पातळी आणि वेळ ठरवणे

पुरवठा सुरू केल्यानंतर पहिले मिनिटभर काहीही ठरवू नये. पीआयआर सेन्सरला स्थिरावण्यासाठी साधारण ३० ते ६० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो दिवा उगाच लावतो. वीज जाऊन आल्यावर दिवे काही काळ आपोआप लागलेले दिसतात ते याच कारणाने. त्यानंतर टायमर सर्वांत कमी वेळेवर आणि किती अंधार झाल्यावर दिवा लागावा हे ठरवणारे ‘लक्स’चे बटण सूर्याच्या चिन्हाकडे न्यावे, म्हणजे दिवसाही तपासणी करता येईल. एकाने नेहमीच्या चालीने प्रत्येक दारातून बाहेर यावे आणि दुसऱ्याने दिवा कोणत्या पावलाला उजळतो ते पाहावे. घरात वयस्कर व्यक्ती असेल तर तिच्या संथ चालीनेही ही तपासणी करावी, कारण हळू हालचाल सेन्सरकडून सुटू शकते.

यानंतर डिमरची सर्वांत खालची मर्यादा ठरवावी. दिवा हळूहळू मंद करत न्यावा; ज्या ठिकाणी तो थरथरू लागतो, त्याच्या थोडे वर ही मर्यादा बांधावी. तिथून दिवा बंद करून पुन्हा लावावा, कारण चालू असताना स्थिर राहणारा बल्ब त्याच पातळीवर थंड अवस्थेतून पेटेलच असे नाही.

मंद पातळी किती असावी हे ठरवताना डोळ्याचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. प्रकाश कमी झाला की बुबुळातील छिद्र रुंदावते, त्यामुळे मोजमापाने १० टक्के असलेला प्रकाश आपल्याला साधारण ३० टक्क्यांसारखा भासतो आणि २५ टक्के प्रकाश निम्म्यासारखा. म्हणूनच ५० टक्क्यांवर ठेवलेला दिवा मंद वाटतच नाही. रात्रीच्या पॅसेजसाठी माणूस नसताना ५ ते १० टक्के आणि माणूस आल्यावर ३० ते ४० टक्के पुरतात. पूर्ण १०० टक्के उजेड हाताने बटण दाबल्यावरच मिळावा. उजेड वाढण्याचा वेग ठरवता येत असेल तर तो एक-दोन सेकंदांचा ठेवावा. पॅसेजला दोन मिनिटे, स्वयंपाकघराला १० मिनिटे आणि स्वच्छतागृहाला वर सांगितल्याप्रमाणे १५ मिनिटे, या वेळा आमच्या घरात स्थिरावल्या आहेत. दिवाणखान्यात, जिथे माणसे तासन्‌तास बसतात, तिथे पीआयआर सेन्सर लावूच नये.

‘लक्स’चे बटण सर्वांत शेवटी, संध्याकाळी, दिवा लावावासा वाटतो नेमक्या त्या क्षणी ठरवावे. चंद्राच्या चिन्हाकडे नेले की दिवा फक्त अंधारात काम करतो.

बिघाड आणि त्यांची कारणे

दिवा लुकलुकत असेल तर प्रथम त्या जागी खात्रीचा डिमेबल बल्ब लावून पाहावा. बहुसंख्य वेळा दोष बल्बचाच निघतो. फक्त इन्व्हर्टरवर असतानाच लुकलुकत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा आहे असे समजावे. डिमर लहरीचा शून्य बिंदू ओळखून चालतो आणि अशा लहरीत तो चुकतो. शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर घेणे किंवा तो दिवा इन्व्हर्टर लाइनवरून काढणे हाच उपाय आहे. बंद केलेला दिवा चमकत राहिल्यास न्यूट्रलविना जोडणी किंवा किमान भाराचा अभाव तपासावा; दिव्याला समांतर जोडायचा ‘बायपास’ नावाचा छोटा भाग काही कंपन्या डिमरसोबत देतात, तो होल्डरजवळ बसवावा. दिवा आपोआप लागतो-विझतो आणि पुन्हा लागतो असे होत असेल तर सेन्सरला स्वतःच्याच दिव्याचा उजेड किंवा ऊब लागत आहे. बल्बची दिशा बदलावी. काही महिन्यांनी सेन्सर मंदावला तर भिंगावरची धूळ आणि कोळ्याचे जाळे कोरड्या मऊ फडक्याने पुसावे.

बचत किती

घरातील एका बल्बच्या बाबतीत विजेची बचत हे कारण पुढे करू नये. ९ वॉटचा बल्ब रोज आठ तास विनाकारण जळला तरी महिन्याला सुमारे २.२ युनिट होतात, आणि सेन्सर स्वतः अर्धा वॉट घेत असेल तर त्यातले ०.३६ युनिट तोच खातो. सोसायटीच्या जिन्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. २० वॉटच्या २० ट्यूब रात्रभर १२ तास जळल्या तर महिन्याला १४४ युनिट लागतात. त्याच ट्यूब एकूण दोन तास पूर्ण आणि दहा तास २० टक्क्यांवर चालल्या, तर ढोबळ हिशेबाने ४८ युनिट पुरतात आणि जिना कधीही अंधारात जात नाही. तिथे भिंतीतील डिमरऐवजी, आतच सेन्सर आणि मंद पातळीची सोय असलेल्या ट्यूब घ्याव्यात. त्यांत ड्रायव्हर आणि डिमर एकमेकांसाठीच बनवलेले असतात, जुन्या वायरिंगला हात लावावा लागत नाही, आणि एक बिघडली तरी बाकीच्या चालू राहतात.

संवेदनशीलतेचे बटण वर्षातून एकदा तरी पुन्हा पाहावे लागते. पीआयआर सेन्सर माणूस आणि भिंत यांच्या तापमानातील फरक पाहतो. उघड्या त्वचेचे तापमान ३३ ते ३४ अंश असते आणि एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरच्या घरांतील भिंतीही तेवढ्याच तापतात. हिवाळ्यात पाच मीटरवरून ओळखणारा सेन्सर तेव्हा माणूस दोन-तीन मीटरवर आल्याशिवाय जागा होत नाही. होळीच्या सुमारास हे बटण थोडे वाढवावे आणि पावसाळा सुरू झाला की पुन्हा खाली आणावे.